भावसिंगचं नव्याण्णव

भावसिंग राठोडानं बावन्न वर्षांत कुणाला नाही म्हटलं नव्हतं. यात मोठेपणा काही नाही. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं, वाद होतो, उन्हात उभं राहावं लागतं. हो म्हटलं की लगेच सावलीत बसता येतं. पुसदकडच्या बंजारा तांड्यात त्यानं विहीर उपसायला हो म्हटलं होतं, देवळाला रंग द्यायला हो म्हटलं होतं, आणि बोंडअळी कापसावर तुटून पडली त्या साली फवारणीला येतो म्हणून चार घरांना एकाच सकाळचा शब्द दिला होता. ती सकाळ त्यानं लिंबाखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत काढली. घर, शेत, दोन म्हशी आणि भावसिंग, हा सगळा गाडा त्याची बायको मानीबाई ओढायची.

मानीबाईचं तोंड तांडाभर प्रसिद्ध होतं. ती नवऱ्याला झाडायला विहिरीपासून सुरुवात करायची आणि डोक्यावर दोन घागरी घेऊन दारात पोचेपर्यंत त्याच्या बापाचा, आजाचा, पणज्याचा उद्धार एका दमात उरकायची. भावसिंगला त्याचा राग नव्हता. सकाळच्या बातम्या ऐकाव्यात तसा तो ऐकायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलात, प्राची सिस्टर तांड्यावर येऊ लागली. यवतमाळच्या नोकरदार घरातली मुलगी. घरात तीन पिढ्या पंख्याखाली फायली चाळत बसलेल्या, आणि ही त्रेचाळीस डिग्रीत प्लास्टिकचा झगा घालून दारोदार फिरत होती. तिच्याकडे बोटाला लावायचा चिमटा होता. चिमट्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा यायचा. तो चौऱ्याण्णवच्या खाली गेला की माणूस गाडीत, आणि गाडी तालुक्याच्या कोविड सेंटरात. सेंटरात गेलेल्या माणसाची किडनी काढून घेतात, हे तांड्यातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तर जास्तच पक्कं.

"डॉक्टर लोकांना आता आता कळलं आहे," सिस्टरनं तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यासमोर सांगितलं. "प्राणवायू ऐंशीवर आलेला माणूससुद्धा जेवतो, हसतो, गप्पा मारतो. त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. घरच्यांनी बघायचं. चालताना, बोलताना मधेच थांबतो का, एका दमात वाक्य पुरं होतं का."

"ज्याचा आजार त्यालेच मालूम नाही, तो आजार कायचा?" नायकानं विचारलं, आणि तांड्यानं माना डोलावल्या.

त्याच दिवशी मोजणीत भावसिंगचा आकडा आला नव्याण्णव. शाळेत पस्तीसच्या वर न गेलेला माणूस! तो दोन दिवस बोट वर करून हिंडला.

तिसऱ्या दिवशी देवसिंगनं बोलावलं. देवसिंग म्हणजे भावसिंगचा लहानपणापासूनचा सोबती. खर्ऱ्याची पुडी दोघांत एकच. तो तापानं फणफणला होता. "भावड्या, मले त्या गाडीत नाही जाचं," तो म्हणाला. "तुह्यं बोट दे येक डाव."

भावसिंगनं हो म्हटलं. दुसरं तो काय म्हणणार? देवसिंग अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला. भावसिंग बाजेखाली शिरला आणि गोधडीच्या कडेतून त्यानं हात वर काढला. घामानं धुकटलेल्या चष्म्यातून सिस्टरला दिसलं फक्त एक बोट. अठ्ठ्याण्णव. तिनं वहीत लिहिलं आणि ती पुढच्या घरी गेली.

मग काय, भावसिंगला मागणी आली. जन्मात पहिल्यांदा लोक त्याला शोधत येऊ लागले. आठवड्याभरात तो अकरा बाजांखाली लोळला. चंदाबाईच्या वेळी तर कोपरापर्यंत मानीबाईच्या बांगड्या चढवून हात बाहेर काढला. "किती केस हो हातावर," सिस्टर म्हणाली, आणि सत्त्याण्णव लिहून मोकळी झाली. इतक्या आजाऱ्यांखाली लोळून या गड्याला साधी शिंक कशी आली नाही, याचं संशोधन मात्र अजून कुणी केलेलं नाही.

मग देवसिंग गेला. सकाळी त्यानं चहा घेतला, रानडुकराची जुनी गोष्ट सांगितली, दुपारी तो नव्हता. सिस्टरच्या वहीत तो ठणठणीत होता. आयुष्य संपलं होतं, असं तांडा म्हणाला. वहीतलं ते अठ्ठ्याण्णव कुणाच्या बोटाचं, हे भावसिंगला नीट ठाऊक होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी मानीबाई विहिरीवरून त्याला झाडत निघाली. बापापाशी ती थांबली. आजापाशी तिनं घागर खाली ठेवली. पणजा त्या दिवशी सुटलाच.

"काय झालं?" भावसिंगनं विचारलं.

"काय होते? ऊन हाये." तिनं दीड भाकर खाल्ली, शेजारणीशी हसली. पण चुलीपासून दारापर्यंत जाताना दोनदा भिंत धरली. बायको चालली हे भावसिंगला त्या भिंतीवरच्या हातावरून कळलं.

"सिस्टर येऊन राह्यली," मानीबाईनं फर्मान काढलं. "बाजेखाली घुसा."

"मानी, मोजून घे वं खरंखुरं."

"अन् मले नेलं तं? म्हशीचं दूध कोन काढन? तुमी? तांड्याले दिलं, अन् बायकोलेच बोट नाही?"

तो बांगड्या चढवून बाजेखाली शिरला. सिस्टर आली, चिमटा पुढे करून म्हणाली, "बोट द्या मावशी." भावसिंगचा हात गोधडीतून अर्धा वर गेला आणि थांबला. मग त्यानं गोधडीत चाचपून मानीबाईचं मनगट पकडलं आणि तिचंच बोट चिमट्यात कोंबलं.

एक्क्याऐंशी.

मानीबाईनं लाथ झाडली ती थेट त्याच्या कपाळात बसली. भावसिंग बांगड्या खळखळवत बाजेखालून बाहेर आला. सिस्टर किंचाळली.

"सिस्टर," तो म्हणाला, "हे बोट माह्यं नाही, म्हून हे खरं हाये. आंधीचे समदे माह्ये होते."

सिस्टर त्याच पावली सगळी घरं पुन्हा फिरली. मानीबाई धरून पाच जण गाडीत गेले. तांड्यानं भावसिंगला गद्दार ठरवलं. त्याचं पाणी बंद करावं इथपर्यंत चर्चा गेली. तो रोज पहाटे म्हशींखाली बसायचा, लाथा खायचा, लोटाभर दूध काढायचा आणि फोनची वाट पाहायचा. त्याला बायको हवी होती. बाकी तांड्याचं काहीही होवो.

तीन आठवड्यांत पाचही जण किडन्यांसकट परतले. मानीबाई शेवटी आली, निम्मी होऊन. बाजेवर बसून तिनं त्याच्या हातचा चहा घेतला.

"मले धरून देलं, बरं केलं," ती म्हणाली. "पन देवसिंगभाऊले काहून नाही देलं?"

भावसिंगनं तिची कपबशी उचलून विसळली. चप्पल घातली आणि भर उन्हात तो देवसिंगच्या घरी गेला. देवसिंगची बायको बिजलीबाई दारात तूर निवडत होती.

"भाबी," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "त्या दिवशीचा तो आकडा त्याचा नव्हता. माह्या होता."

बिजलीबाईचे हात सुपात थांबले.

"मालूम हाये," ती म्हणाली. "तुमचा हात दिसू नये म्हून गोधडी मीच तं धरली होती."