निवडलेलं शेवाळ

पुण्याचा माणूस मालवणला जातो तो मासे खायला. दिवाळीनंतर मी गेलो तो मासे आणायला, तेही जिवंत, आणि बायकोच्या हुकमावरून. सुनंदा वाघोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्रावर तरंगणाऱ्या शेवाळात कोण कोणाच्या आधाराने जगतं, हे ती वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवते. यंदा तिचं नोकरीचं शेवटचं वर्ष. एकदा तरी पोरांना खरं शेवाळ दाखवायचं म्हणून तिने परवानगीचं पत्र मिळवलं, आणि निघायच्या चार दिवस आधी पाय प्लॅस्टरमध्ये घालून घेतला. उरलो मी.

"घोस जसेच्या तसे बादलीत घ्या, समुद्राच्या पाण्यासकट," तिने बजावलं. "वर काही करू नका. सुचलं तरी करू नका."

रविवारी उजाडताच बाबलकाका नावाच्या तिथल्या मच्छीमाराच्या होडीत बसलो. अर्ध्या तासात सकाळची आंबोळी समुद्राला परत केली. काकांनी सौजन्याने दुसरीकडे पाहिलं. मग ते शेवाळ दिसलं: पिवळट तपकिरी, मटाराएवढ्या हवेच्या फुग्यांवर तरंगणारं. एवढ्यासाठी दहा तास एसटीत आदळलो? आमच्या मार्केट यार्डात असली भाजी कोणी फुकट घेतली नसती.

काकांनी चार घोस अलगद उचलून दोन बादल्यांत ठेवले. "भाऊ, ह्यां घर आसा (हे घर आहे). आसा तसांच न्या."

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काकांना ठाऊक नव्हतं. सुनंदाला आहे.

खोलीवर आलो. बस दहाची, हाताशी दोन तास. बादलीत डोकावलो तर सगळी सरमिसळ: पानांत मासे, माशांत खेकडे, खेकड्यांच्या पाठीवर आणखी काहीतरी. असलं पुण्याला न्यायचं? घरात मेथी मीच निवडतो आणि माझ्या हातून काडी सुटत नाही. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. एका डब्यात मासे, मोजून सात. दुसऱ्यात खेकडे आणि कोळंबीची पिल्लं. शेवाळ नळाखाली दोन पाण्यांतून काढून तिसऱ्यात. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. माशांच्या डब्यात पानाचा एक कुजका तुकडा राहिला होता. काढायला गेलो तर बोटांतून निसटला. म्हटलं, राहू दे, शोभेला.

तीन घोस झाले आणि रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. चौथा बादलीतच राहिला. गबाळं काम झालं म्हणून चुटपुट लागली. तिन्ही डबे आणि बादली घेऊन निघालो, प्रत्येकात बॅटरीवर बुडबुडे काढणारा एकेक पंप.

फोंडा घाट चढून कोल्हापूरला आलो. डबा उघडला तर मासे पाच.

शेजारी कराडला जाणारे एक गृहस्थ बसले होते. मघापासून त्यांची नजर माझ्या डब्यावर होती. मी शक्य तितक्या पुणेरी सभ्यतेने विचारलं, "यातले दोन मासे आपण पाहिलेत का? म्हणजे, कुठे जाताना?"

त्यांनी सदऱ्यातून तुळशीची माळ काढून दाखवली. "मी माळकरी हाय साहेब. आन् खाणारा असतो तरी कच्चा खाल्ला असता व्हय?"

कराडला ते उतरले तेव्हा मासे तीन होते. त्यांच्या पाठमोऱ्या पिशवीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, याची आता लाज वाटते. कारण साताऱ्याला मासा एक होता आणि शेजारची सीट रिकामी होती. स्वारगेटला उतरलो तेव्हा एकही नव्हता. फक्त तो पानाचा तुकडा, बराच फुगलेला.

घरी सुनंदाने चष्मा लावला. पानाने डोळा फिरवला.

"हा मासाच आहे," ती म्हणाली. "पानासारखा दिसतो, दबा धरून खातो. शेवाळात बाकीच्यांना लपायला जागा असते, म्हणून याला पोटापुरतंच मिळतं. तुम्ही त्याला ताट वाढून दिलंत."

दुसऱ्या डब्यात खेकड्यांनी एकमेकांचे पाय तोडले होते. तिसऱ्यात शेवाळ धुतल्या मेथीसारखं मऊ पडलं होतं. चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या. कुबडी टेकत सुनंदाने कपाटातून खडूची पेटी काढून पर्समध्ये टाकली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"एक बादली आहे अजून," मी म्हणालो. "पण ती निवडायची राहिली."

तिने वळून पाहिलं. "राहिली?"

सोमवारी वाघोलीला ती बादली काचेच्या टाकीत ओतली. पोरं टाकीभोवती दाटली. पानांआड चिमुकले मासे दडले होते. त्यांच्या विष्ठेचं शेवाळाला खत होतं, असं सुनंदा सांगत होती. कोळंब्या पानांवरचा थर खरवडून खात होत्या, त्यामुळे पानांना उजेड मिळत होता. एक मुलगी पुटपुटली, "मॅडम, फळ्यावर हे असं कळलंच नसतं." सुनंदाने खडूची पेटी उघडलीच नाही.

मी मागे पंप धरून उभा होतो.

"हे ज्यांनी आणलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी याला हात लावला नाही, म्हणून आपल्याला दिसतंय."

संसारात मी केलेल्या कामांची तिने केलेली तारीफ मला आठवत नाही. ही पहिलीच, आणि तीही राहून गेलेल्या कामाची. घरी आल्यावर मेथीची जुडी दिसली. मी ती तशीच ठेवली.