खुणेच्या शब्दांची वही

सुधाकर गेला त्याला आज पंधरा दिवस झाले. तापीच्या राजघाटावर त्याला पोचवून परतताना लोक त्याच्या चोख कामाबद्दल बोलत होते आणि मी मान खाली घालून चालत होतो. त्याच्याबद्दल लिहायला मला जड जातं, कारण एकेकाळी मी फौजदारासमोर त्याच्यावर बोट ठेवलं होतं.

आम्ही दोघं बुऱ्हाणपुरात गिरधरशेठच्या कापसाच्या पेढीवर कामाला होतो. मी रेल्वेनं धाडलेल्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, करायचो, तो तारा बघायचा. हडकुळा, मितभाषी आणि भलताच शिस्तीचा माणूस. लिहून झालं की दौतीला झाकण लावल्याशिवाय जागचा उठायचा नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा.

तार म्हणजे उघडं पत्र. तार ऑफिसातल्या बाबूपासून शिपायापर्यंत कुणीही वाचावी. म्हणून पेढीनं खुणेचे शब्द ठरवले होते. ‘मामा आजारी’ म्हणजे भाव पडला, माल थांबवा. ‘बारसं ठरलं’ म्हणजे गाठी रवाना करा. परक्याला वाटावं, ह्यांच्या घरी बारा महिने कुणीतरी आजारी पडतं नाहीतर जन्मतं. दर दिवाळीला शब्द बदलायचे आणि नवी वही लिहायची. तिची एक नक्कल इंदूरला आमचा अडत्या अनंतराव ह्याच्याकडे असे. इथली वही कपाटात आणि कपाटाची किल्ली सुधाकरच्या कमरेला. तो आणि शेठ सोडून बुऱ्हाणपुरात ती वही कुणाला वाचायला मिळत नव्हती.

साल एकोणपन्नास. होळकरांचं इंदूर संस्थान विलीन होऊन वर्ष उलटलं होतं. पूर्वी सरहद्दीच्या नाक्यावरचा कारकून माल कुणाचा, कुठं चालला, सगळं तोंडपाठ सांगायचा. आता नाकी उठली, जुनी माणसं बदलली, दुकानं हलली. रस्ता मोकळा झाला ह्याचा आनंद आम्हालाही होता. पण रस्ता चोरालाही मोकळा झाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर महिन्याभरानं अनंतरावाच्या नावानं तार आली. बारसं ठरलं, चाळीस पाहुणे पाठवा. पुढं साध्या शब्दांत लिहिलं होतं की दुकान हललंय, बिल्टी नव्या पत्त्यावर धाडा. सुधाकरनं वही बघून अर्थ लावला, शेठनं मान डोलावली, मी चाळीस गाठी मालगाडीच्या वाघिणीत चढवून बिल्टी टपालात टाकली. माल त्याचा, ज्याच्या हाती बिल्टी. दोन आठवड्यांनी खऱ्या अनंतरावाचं पत्र आलं, की हंगाम चाललाय, तुम्ही अजून माल का पाठवत नाही? त्यानं तार केलीच नव्हती. दुकानही जागच्या जागी होतं.

फौजदार आला. खुणेचे शब्द कुणाला माहीत, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, वही सुधाकरच्याच ताब्यात असते. शब्द खरा होता, पण म्हणताना मी ‘च’वर जोर दिला. तेवढा जोर पुरला. शेठ वाईट बोलले नाहीत, फक्त हात पुढं करून किल्ली मागून घेतली. त्या दिवसापासून बाजारात सुधाकर दिसला की माणसं वळून दुसऱ्या दुकानात शिरायची. त्याची बायको निर्मला नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. पुरावा नाही म्हणून त्याला अटक झाली नाही, आणि सुटकाही झाली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते आम्ही सगळ्यांनी मिळून केलं, आणि मी सर्वांत पुढं होतो.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तो शेठपुढं येऊन उभा राहिला. मला वही एकदा दाखवा, म्हणाला. शेठची आई मथुराबाई तिथंच बसल्या होत्या. शेठनं वही दिली. सुधाकरनं मधलं एक पान उघडून समोर धरलं. पानावर कुंकवाचे डाग होते आणि शिवणीत दोन अक्षता अडकल्या होत्या.

मग त्यानं हळूहळू सांगितलं. लक्ष्मीपूजनाला सगळ्या नव्या वह्या पाटावर मांडल्या, त्यात ही पण मांडली. रात्रभर ती उघडी होती, आणि प्रसादाला निम्मं गाव येऊन गेलं. खोट्या तारेतला प्रत्येक खुणेचा शब्द ह्याच उघड्या पानावरचा होता. पत्ता बदलण्याची खूण पुढच्या पानावर होती, ती चोराला दिसली नाही, म्हणून तेवढं त्यानं साध्या शब्दांत लिहिलं. सगळी वही ठाऊक असलेल्या माणसानं ती खूणच वापरली असती.

मथुराबाईंचा चेहरा उतरला. ‘मीच उघडाले लावली रे,’ त्या म्हणाल्या. ‘बंद वहीत लक्ष्मी कुठून जाईन, म्हटलं.’

‘नाही आई,’ सुधाकर म्हणाला. ‘तुम्ही पूजेला मागितली, ती तुमची श्रद्धा. सांभाळायची जिम्मेदारी माझी होती. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. साधे शब्द दिसले तेव्हाही थांबायला पाहिजे होतं.’

प्रसादाला आलेल्यांपैकी एक परगावचा दलाल दिवाळीनंतर गावात दिसला नव्हता. तो पुढंही सापडला नाही, गाठीही नाहीत. सुधाकरनं मात्र नवी पद्धत लावून दिली. खुणेचे शब्द दर महिन्याला बदलायचे. अर्धी वही एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. आणि पत्ता बदलल्याची तार आली, तर माणूस स्वतः गाडीनं जाऊन तोंड बघून येईपर्यंत एकही गाठ हलवायची नाही. मी कुरकुरलो, की ह्यात दोन दिवस फुकट जातील. तो म्हणाला, जाऊ देत. शेजारच्या पेढ्यांनी आधी आम्हाला हसून घेतलं. पुढच्या हंगामात त्यांच्यातल्या दोघांना अशाच तारा आल्या, तेव्हा ते सुधाकरकडे विचारायला आले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सकाळचं. सगळं ऐकून शेठनं खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढं धरली. त्यांचे डोळे भरले होते. सुधाकरनं हात पुढं केला नाही.

‘शेठजी, किल्ली ह्या नंदकुमारले द्या,’ तो माझ्याकडे बघत म्हणाला. ‘एकाच माणसावर सगळा भरोसा टाकला, तिथंच आपण फसलो. ह्यानं माझ्यावर शक घेतला. माझ्यावर नजर ठेवाले असाच माणूस पाहिजे.’

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. निदान एक टोमणा तरी असावा, असं मला फार वाटलं. तो नव्हता. त्याला खरंच तसं म्हणायचं होतं. मी किल्ली घेतली, आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी त्याच्यासाठी कपाट उघडलं. त्याची माफी मागायचं मात्र राहून गेलं.