सखुबाईचं पातं

मालन वैती आपलं खरं नाव कुणाला सहसा सांगत नसे. खारदांड्याच्या मासळी बाजारात तिसऱ्या ओट्यावर ती गेली तीस वर्षं बसते, पण तिच्याकडून बोंबील नेणाऱ्या गिऱ्हाइकांना ती 'मावशी' यापलीकडे ठाऊक नाही. हा तिचा विक्षिप्तपणा नव्हे, बाजाराचाच रिवाज. हातात कागद घेतलेल्या परक्या माणसाने नाव विचारलं की घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं. मेलेल्या माणसाला नोटीस बजावता येत नाही, असं त्यामागचं शहाणपण. ते कितपत खरं हे मला विचारू नका. पण बाजार पाडायचा म्हणून दोनदा मापं घेणारे येऊन ओट्यांवर लाल रंगाने आकडे घालून गेले होते, आणि दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पितो.

त्या ओट्याचा कागद कुणाच्याच नावावर नव्हता. आधी सासू बसायची, आता सून बसते, एवढाच काय तो पुरावा. कल्पिताचं, म्हणजे मालनच्या मुलीचं, कॉलेज त्या ओट्यावर झालं, घराची कौलं गेली आणि स्लॅब आला तोही त्याच्यावरच. ओटा गेला तर मालनला दुसरं काही येत नव्हतं.

सासूचं नाव सखुबाई. जिभेने तिखट, हाताने सोनं. मालन वेसाव्याहून लग्न होऊन आली तेव्हा ती मासा कापायची खरी, पण सगळं अंग हलवून, धसमुसळेपणाने. सखुबाईने तिला मोरलीपुढे बसवलं. मोरली म्हणजे कोळणींची विळी, पाट पायाखाली दाबायचा आणि उभ्या पात्यावर दोन्ही हातांनी मासा ओढायचा. "पातं हलतंय काय? नाय ना? मग तू कित्याला हलतंस?" सखुबाई म्हणाली. "बूड घट्ट ठेव. मासा येल पात्यावर." हे शिकायला मालनला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत तिने सासूला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. सखुबाई गेली तेव्हा मात्र तिला आठ दिवस जेवण गेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाजारासमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस येऊन बसायला लागला. चष्मा, दाढी, खांद्याला झोळी, हातात जाड वही. मासे घेत नव्हता. भाव विचारत नव्हता. नुसता मालनच्या ओट्याकडे बघायचा आणि वहीत काहीतरी करायचा.

"विमले, तो बग," मालन शेजारच्या ओट्यावरच्या विमलाला म्हणाली. "चार दिस झालं. चहा गार करतंय न् हिकडंच बगतंय."

"मापं घेतंय," विमला म्हणाली. "बिल्डरचा माणूस. चेहराच सांगतंय."

चेहरा काही सांगत नव्हता, पण सातव्या दिवशी मालनचा धीर सुटला. तशीच ओल्या हातांनी उठली आणि त्याच्या पुढ्यातली वही उचलली. पानावर चौकोन आखलेले होते. काही मोठे, काही लहान, भिंतीला भिंत लागून, आणि प्रत्येकात आकडा. एक, दोन, तीन, चार. तिसऱ्या चौकोनात चक्क तिचा ओटा होता.

"हा बाजाराचा नकाशा हाय," मालन म्हणाली. "मना खुळी समजलास काय?"

"नाही हो मावशी!" तो माणूस उठून उभा राहिला. "मी सुबोध. चेंबूरला राहतो. चित्रकथा काढतो, कॉमिक. हे चौकोन गोष्टीचे आहेत, एकामागून एक वाचायचे. मारामारीची गोष्ट आहे. माझी नायिका लढते, पण जागची हलत नाही. ते मला जमत नव्हतं, मग तुमचे हात बघितले."

असलं कारण कुणी ऐकलंय? बसून कोण मारामारी करतं? मालनचा एका अक्षरावर विश्वास बसला नाही. पण आपल्या हातांचं कौतुक ऐकून माणूस थोडा सैल होतोच. मासा कसा ओढायचा, नजर कुठे ठेवायची, बूड घट्ट का लागतं, हे तिने दहा मिनिटं सांगितलं. शेवटी त्याने पेन्सिल सरसावून नाव विचारलं, आणि मालन भानावर आली.

"सखुबाई धाकू वैती," तिने ठोकून दिलं.

वर्षभराने तो पुन्हा आला. या वेळी बरोबर दोन माणसं, आणि हातात छापील कागद. पुस्तक निघालं होतं, आता त्यावर सिनेमा निघत होता, कराटे-कुंग फूवाल्या हाणामारीचा, आणि त्यांना सखुबाईंना भेटायचं होतं. मालन नेमकी नव्या चष्म्यात होती, उन्हासाठी डोक्यावर उपडी घेतलेल्या टोपलीची सावली तोंडावर होती, आणि सुबोधला माणसाच्या तोंडापेक्षा हातच जास्त ध्यानात राहत असावेत. त्याने तिलाच विचारलं. मालनने कागदाकडे बघितलं, हात पदराखाली घेतले.

"सखुबाई? गेली ती."

विमलानेही मान हलवली. पलीकडच्या दोघींनीही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. सुबोधचे डोळे भरून आले, मग त्याने पापलेटाची जोडी घेतली आणि सांगितला तो भाव देऊन निघून गेला. भाव न करता मासा घेणारा माणूस! मालनचा संशय उलट दुप्पट झाला.

सिनेमा लागला तेव्हा कल्पिताच तिला अंधेरीला घेऊन गेली. सोमवार होता, गिऱ्हाईक नसतंच. मालन आत शिरली तीही हेरासारखी. पडद्यावर बाजार कुठे दिसतो, तिसरा ओटा दाखवलाय का, एवढ्यावरच तिचं लक्ष.

अर्ध्याच्या पुढे ती मारामारी आली. बाजाराला आग लावायला आलेले पंधरा गुंड, आणि ओट्यावर एकटी पोरगी, मोरलीचा पाट पायाखाली दाबून. पहिला धावून आला. पोरगी हलली नाही. त्याचं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं, ओढलं, आणि तो आपल्याच जोराने पलीकडे जाऊन पडला. दुसरा. तिसरा. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मालनने आपले हात मांडीवर उपडे केले आणि त्यांच्याकडे बघितलं. अंगठ्याची ती मुडप, ओढण्याआधीचा तो एक श्वास, सगळं तिचं होतं.

"आई, हे तर तूच!" कल्पिता ओरडली.

सिनेमा संपला. लोक उठायला लागले आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मालन चौथीपर्यंत शिकलेली, तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं.

खारदांड्याच्या कैलासवासी सखुबाई धाकू वैती यांना. या चित्रपटातले हात त्यांचे.

आधी मालनला राग आला. हात माझे आणि नाव तिचं? मग तिला आठवलं की सखुबाईचं नाव आजवर कशावरच धडपणे आलं नव्हतं. रेशनकार्डावर चुकलं होतं, ओट्यावर नव्हतंच. मालनला रडू फुटलं, अगदी मोठ्याने.

"त्यांना कळवूया ना," कल्पिता म्हणाली. "तू जिवंत आहेस म्हणून."

"ऱ्हाऊं दे. हात तिचंच हाईत. तिनंच बसवलं," मालन पदराने नाक पुसत म्हणाली. "पण ओटा माझा हाय."

पुढच्याच महिन्यात खरे मापंवाले आले. लाल रंग, टेप, आणि ओटेवाल्यांची यादी. विमलाने आपल्या मेलेल्या आजेसासूचं नाव लिहून दिलं. मग कारकून तिसऱ्या ओट्यापाशी आला आणि त्याने मान वर न करता विचारलं, "नाव?"

मालनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. विश्वास ठेवावा असं त्याच्यात काहीही नव्हतं.

"मालन," ती म्हणाली. "सखुबाई वैतीची सून. लिव. आणि काय लिवलंस ते मना वाचून दाखव."