पिवळे हात

निजामाच्या राज्यात, हिंगोलीजवळच्या आमच्या मळ्यात हळद शिजत होती तेव्हाच यांना कावीळ झाली. माझे हात पिवळेजर्द. राखेनं घासले तरी रंग हटेना. काविळीत पिवळं वर्ज्य, म्हणून हे माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. "काहून ते हात पुढं करून राहिलीस?" म्हणायचे.

डॉक्टरांनी आवळे सांगितले होते. त्यातलं 'क' जीवनसत्त्व यकृताला जपत असावं, असं म्हणाले. एक आवळेवाली रोज यायची. ओसरीवर बसून आवळा पदराला पुसायची, फोडून मीठ लावायची आणि फोड यांच्या तळहातावर ठेवायची. हे मुकाट खायचे, वर हसायचे! मी दाराआड जळायची. तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

यांचे डोळे निवळले त्या दिवशी मी तिला फणकाऱ्यानं म्हणाले, "आता येऊ नको."

तिनं टोपली उचलली. माझ्या हातांकडे बघतच राहिली.

"बाई, माह्या हाताला हळद लगनात लागली तेवढीच. वरीस न्हाई सरलं अन् धनी गेला. काविळीनंच."

इतके दिवस ज्या हातांची मला लाज वाटली, तेच हात, तिची दृष्ट लागेल म्हणून, मी झटकन पदराखाली घेतले.