दादांनी हात जोडले तो दिवस

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासला दुकानात होते. समोर एक बाई रंग गेलेली कुर्ती काउंटरवर आपटून भांडत होत्या. धारहून भाऊ म्हणाला, "ताई, दादा गेले..." आणि त्या बाई म्हणाल्या, "पहले मेरा सुनो, फोन बाद में." माझ्यासोबत काम करणाऱ्या रेखाभाभींनी मला हळूच मागे घेतलं. त्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांच्या आवाजात मला आमचे दादाच ऐकू येत होते.

दादा म्हणजे आमचे वडील. पूर्वज धारच्या दरबारात होते, दादा कचेरीत कारकून. पण दुकानात शिरले की त्यांच्या अंगात दरबार संचारायचा. तागेच्या तागे उलगडायला लावायचे, नाक मुरडायचे, काही न घेता उठायचे. "हम धार के पुराने लोग हैं," हे वाक्य ठरलेलं. आई आणि मी पायरीवर खाली मान घालून उभ्या. लग्नानंतर मी इथे तयार कपड्यांच्या दुकानात लागले. चिडलेल्या गिऱ्हाइकाला बसवायचं, पाणी द्यायचं, त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं, हे रेखाभाभींनी शिकवलं. मला ते लवकर जमलं. घरचा सराव होता.

मग एका दिवाळीनंतर दादाच आले, न कळवता, बसनं. मी आमच्याच दुकानातून घेऊन दिलेला शर्ट धुतल्यावर आटला होता. मी आत माल काढत होते, तिथूनच आवाज ओळखला.

"बाबूजी, आप बैठो तो सही, पानी लो," रेखाभाभी म्हणत होत्या.

"पानी पीने नहीं आया. मालिक को बुलाओ. ऐसे लोगों को काम पे रखता कौन है?"

मी बाहेर आले. मालकही आले. दादांना काहीच न बोलता ते माझ्याकडे वळले. "आपके पिताजी हैं ना? घर का झगड़ा घर पे रखो. अगली बार मैं नहीं सुनूँगा." मी मान खाली घालून "जी, सॉरी" म्हटलं.

दादा हे ऐकत होते. मला कुणी असं बोलू शकतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं... त्यांनी शर्ट पिशवीत कोंबला आणि रेखाभाभींपुढे हात जोडले. "बाई, चुकलं माझं," मराठीतच म्हणाले. मग मालकांपुढेही जोडले. आयुष्यभर वाटायचं, यांना कुणीतरी एकदा नमवावं. ते नमले, आणि मला बघवेना. आधी त्यांच्या तोऱ्याची लाज वाटायची. त्या जोडलेल्या हातांची लाज त्याहून मोठी निघाली, आणि ती अजून गेली नाही.

त्यानंतर दादा कुठल्याच दुकानात भांडले नाहीत. गेल्या वर्षी धारला नव्या चपला घेतल्या, त्या लागून अंगठा सोलून निघाला. मी म्हटलं, "दादा, बदलून आणते ना."

"राहू दे गं," ते म्हणाले. "काउंटरवरच्या पोरीला उगाच बोलणी बसतील."

त्या चपला अजून धारच्या घरी दाराशी आहेत, अंगठ्यापाशी कापसाचा बोळा तसाच. भाऊ म्हणतो, कुणाला तरी देऊन टाकू. मी नको म्हणते. टोचतात त्या.