बिनाफॉलची साडी

सोलापूरला माझी डावी किडनी गाठीसकट काढली. सुट्टी देताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की पुढचं सगळं गाठ किती मोठी होती आणि किडनीबाहेर पसरली होती का, यावर ठरतं. गाठ लिंबाएवढी होती. पसरली का, ते रिपोर्ट आल्यावर कळणार. माझ्या हातात एवढंच, की मिश्री सोडायची, आणि बीपीची गोळी नि पुढचं स्कॅन चुकवायचं नाही.

लोहाऱ्यात आले, तर भेटायला येणाऱ्यांची रीघ. लिंबाएवढ्या गाठीसाठी सोलापूर गाठलं हे सांगायला आमच्या ह्यांना कमीपणा वाटायचा. सोमवारी गाठ पेरूएवढी झाली, बुधवारी नारळाएवढी. मी आतून ओरडायचे, "अहो, लिंबू!"

"तू गप पडून ऱ्हा. तुला काय कळतंय त्यातलं?"

जशी काही गाठ ह्यांच्याच पोटातून निघाली होती. शेजारच्या काकू तर मिश्रीची डबीच घेऊन आल्या. "एकदम सोडू नगं बाई, अंगाला सोसत न्हाय." मला भयंकर राग आला, आणि तलफ रागापेक्षा जास्त आली. डबी मी परत न्यायला लावली.

शनिवारी माहेराहून, अणदूरहून, धाकटा भाऊ आला. बातमी तिथं पोचेपर्यंत गाठ टरबुजाएवढी झाली होती. तो पिशवी काखेतून सोडेना. हातपाय धुवायला गेला तशी मी ती उघडली. आत हिरवी साडी. आमच्याकडं सवाष्ण गेली की तिला शेवटची साडी माहेरची नेसवतात. आयत्या वेळी दुकान बंद असलं तर पंचाईत नको, म्हणून हा आधीच घेऊन आला होता! मला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले.

मग सवयीनं काठ उलटून पाहिला. फॉल नव्हता. जिला चार पावलंही चालायचं नाही, तिच्या साडीला फॉल कशाला लावतील? माझं हसू तिथंच थांबलं. रिपोर्ट अजून यायचा होता आणि मला मरणाची फार भीती वाटत होती. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाऊ ओल्या हातानं दारात उभा होता.

"रंग चांगलाय," मी म्हणाले, "पण फॉल कुठाय? जा, लावून आण. स्कॅनला जाताना नेसते."

तो साडीची घडी घालायला लागला. ती त्याला जमेना.

"लावून आणतो, आक्का," तो म्हणाला. "पण तू नेसशील न्हवं?"