शेवंतीने घेतलेलं औषध

सादेक गावच्या थुआनकाकांची शेवंती तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला पार सायगॉन शहरापर्यंत जायची. पाण्यावर उंच मांडवांवर कुंड्या, आणि मधून होडी सरकवत काका फवारणी करायचे, तीही तोंडाला फडकं न बांधता. शेवंतीपुढे ते बायकोचं, हुएकाकूंचंही ऐकायचे नाहीत, मग इतरांची काय कथा!

जुन्या क्षयाने पोखरलेल्या त्यांच्या फुप्फुसांत बुरशी शिरली आणि त्यांना सायगॉनच्या इस्पितळात न्यावं लागलं. खोकल्यातून रक्त पडायचं, अर्ध्या वाक्यात धाप लागायची. डॉक्टरांनी विचारलं, "बुरशीचं औषध पूर्वी कधी घेतलंय?"

"जन्मात नाही," काका ठामपणे म्हणाले. मग नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप काही हटेना. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरांनी फुप्फुसातला द्रव प्रयोगशाळेत पाठवला. पूर्वी बुरशी वाढवून तिच्यावर कुठलं औषध चालतं ते कळेपर्यंत रोगी हातचा जायचा. आता औषधाला दाद न देणारा तिच्या जनुकातला बदल यंत्र त्याच दिवशी दाखवतं. निकाल घेऊन तिथली तंत्रज्ञ दिएप स्वतःच वॉर्डात आली.

"काका, ही बुरशी तुमच्या गोळ्यांना भीक घालत नाही. धंदा काय तुमचा?"

"फुलं."

"त्यांच्यावर काय मारता?"

"बुरशीचं औषध. सणाआधी जरा जास्तच."

"अहो, या गोळ्या त्याच जातीच्या! तुमच्या मळ्यातच तिला सवय झालीय."

"पण मी कुठे घेतलं? शेवंतीने घेतलं," काका पुटपुटले. काकूंनी कपाळावर हात मारला.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी दुसऱ्या जातीचं औषध सलाइनमधून सुरू केलं. ताप उतरला. काका जगले.

तेत आला. नव्या वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं, यावर सगळं वर्ष कसं जाणार ते ठरतं, म्हणून माणूस पारखून बोलावतात. काकांनी दिएपचं नाव घेतलं. काकू बिचकल्या. "गुणी आहे हो पोर, पण आजाऱ्यांच्या थुंकीत हात घालणारी! एखादा दुकानदार बोलवा की."

"दुकानदाराने वाचवलं का मला?"

दिएप आली, पण दारातच थबकली. "काका, मी इस्पितळातली. आधी दुसरं कुणी आत गेलं तर..."

"ये गं पोरी. तुझं घर भरलेलं राहो, अंगाला दुखणं न शिवो, तुझ्या आईबापांना शंभर वर्षं मिळोत!" काका मध्ये कुठेही धाप न लागता एका दमात बोलले.

ते ऐकून काकूंना रडू फुटलं. त्यांनीच पुढे होऊन दिएपचा हात धरला आणि तिला आत घेतलं.